रविवारी वाजलेला रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. पुरता रूळ नव्हे, दोन हात लांबीचा तुकडा. कवठे महांकाळपासून दोन कोसांवरच्या एका वाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर, कडुलिंबाच्या फांदीला मी तारेनं टांगलेला आहे. आल्यागेल्याला वाटतं, हे काय भंगार लटकवलंय. तुम्ही तसं म्हणू नका. मी या शाळेची घंटा आहे, आणि या वर्षी माझ्या आयुष्यात अशी एक गोष्ट घडली की ती कधी एकदा सांगतो असं मला झालं आहे. पण आत्मवृत्त म्हटलं की जन्मापासून सुरुवात करायची असते, असं बाई चौथीला शिकवतात. तेव्हा तेवढं आधी उरकून घेतो.

माझं तारुण्य मिरजेहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या लहान गाडीखाली गेलं. ती गाडी इतकी सावकाश चालायची की वाटेत मेंढरं आडवी आली तर ड्रायव्हर थांबायचा, मेंढक्याची विचारपूस करायचा आणि मगच पुढे निघायचा. थट्टा करणारे पुष्कळ होते. करू देत. मिरजेच्या दवाखान्यात निघालेले, पलटणीत भरती व्हायला निघालेले, लेकीला सासरी पोचवायला निघालेले, असे किती लोक माझ्या अंगावरून गेले याची गणती नाही. जाणाऱ्यांची मला सवय होती. कोणाला थांबवणं हे रुळाचं काम नाही, असंच मी तेव्हा समजत होतो.

मग मोठ्या मापाची गाडी आली. आम्हा लहान रुळांना उपटलं, गॅसनं कापलं आणि विकून टाकलं. मिरजेच्या एका भंगारवाल्याच्या आवारात मी पडून होतो. तिथे या शाळेचे त्या वेळचे मुख्याध्यापक नाथाजी गुरुजी आले. त्यांच्यासोबत त्यांचे एक दोस्त होते, सतारी बनवणारे. त्या गृहस्थांनी तिथला एकेक तुकडा दोरीला बांधून उचलला, खिळ्यानं टक् केलं आणि कान लावला. अकरा जणांना त्यांनी नापास केलं. बारावा मी. माझ्यावर त्यांनी नुसती बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "गुरुजी, हा न्या. हा सुरात आहे." लोखंडाला याहून मोठी पदवी कोण देणार? मी ती आजवर मिरवतो.

गुरुजींनी मला कडब्याच्या टेंपोत घालून वाडीला आणलं. ज्या भोकातून पूर्वी बोल्ट जायचा त्यात तार ओवली आणि मला फांदीला टांगलं. लोखंडी दांडा फांदीच्या बेचक्यात ठेवायचा, म्हणजे लहान पोरांच्या हाताला लागत नाही, ही युक्तीही त्यांचीच. तेव्हापासून शाळा भरली की मी, मधली सुट्टी झाली की मी, शाळा सुटली की मी. सुटताना वाजलो की पोरं मला जास्त दाद द्यायची, हे खरं आहे, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

वाडीचा एक दंडक मात्र तुम्हाला सांगायलाच हवा. वेळेची घंटा पोरांची, अवेळची घंटा गावाची. मी अवेळी वाजलो की हातातलं काम टाकायचं, बादली उचलायची आणि शाळेकडे धावायचं. असं दोनदाच झालं. एकदा दगडाबाईंच्या कडब्याची गंजी पेटली तेव्हा. दगडाबाई म्हणजे वाडीतल्या सगळ्यांत जुन्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांची हयात मेंढरांमागे गेली. दुसऱ्यांदा कालव्याचं पाणी पहिल्यांदा आमच्या तळ्यात पडलं तेव्हा. त्या दिवशी बादल्या घेऊन आलेली माणसं तशीच तळ्यावर गेली आणि एकमेकांना भिजवून परत आली. मी तर वाजून वाजून तापलो होतो.

आता दुःखाचं पान. दोन वर्षांमागे वाडीतला एक माजी विद्यार्थी, जो सोनं गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यात कोइमतूरला असतो, त्यानं शाळेला विजेची घंटा भेट दिली. दगडाबाईंचा नातूच तो. पोरगा गुणी, हेतू चांगला, पण घंटा आगाऊ निघाली. ठरल्या वेळी टिंगटाँग करते आणि वर इंग्रजीत दोन वाक्यं बोलते. सगळे तिचं कौतुक करू लागले. मला गंज चढला. पोरं माझ्यावर दप्तरं अडकवू लागली. दांडा बेचक्यात विसरला गेला. एकदा तर मला भंगारात घालायचं बोलणंही निघालं होतं, पण तार सोडायला कोणाला वेळ मिळाला नाही. आळसानंही कधीकधी कोणाचा जीव वाचतो.

तर मित्रांनो, या वर्षी शाळा सुरू होऊन दहाबारा दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी एक बाई एका मुलीचा हात धरून फाटकातून आत आली. बाईचं नाव माया. नाव ऐकून सगळ्यांना वाटलं आपल्यातलीच कोणी असेल. पण ती होती नेपाळची, रोल्पा नावाच्या डोंगरी जिल्ह्यातली. तिचा नवरा लोकेंद्र आमच्या रस्त्यावरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर तीन वर्षं रखवालदार होता. त्याला सगळे बहादूर म्हणत. खरं नाव कोणी विचारलंच नव्हतं. रात्रपाळी करून तो झोपला होता, म्हणून त्याच महिन्यात आलेली त्याची बायको मुलीला घेऊन एकटीच आली. मुलीचं नाव सम्झना. अंगात आकाशी सदरा, निळा स्कर्ट, दोन वेण्यांना लाल रिबिनी. तिकडच्या शाळेचाच गणवेश तो, इस्त्री करून घातलेला.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका दीपमाला बाई. हसऱ्या आहेत, कामाच्या आहेत, फक्त जरा घाईच्या आहेत. त्यांनी मायाला खुर्ची दिली आणि कागद मागितला. मायाला मराठी येत नव्हतं आणि बाईंना नेपाळी. पण कागद म्हटल्यावर कागदच पुढे येतो. जन्माचा दाखला होता. अक्षरं आपलीच, देवनागरी. बाईंनी खुशीत वाचायला घेतला आणि तारखेपाशी थबकल्या. जन्म, वैशाख, साल २०७३.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा २०७३. कॉम्प्युटरमध्ये तारीख भरून पाहिली. कॉम्प्युटरनं ती घेतली नाही. बाई सहशिक्षकांना म्हणाल्या की या कागदाप्रमाणे हिचा जन्म व्हायला अजून अठ्ठेचाळीस वर्षं आहेत. त्यावर ऑफिसात हशा पिकला. माया हसली नाही. तिला वाटलं, आपल्या कागदात काहीतरी खोट निघाली.

तरी बाईंनी मुलीला परत पाठवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. कागद नसला तरी लेकराला शाळेच्या दारातून माघारी लावायचं नाही, असा कायदाच आहे. शुक्रवारी सम्झना वर्गात बसली. बाईंनी सहज म्हणून चौथीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. पोरीनं एक धडा कुठेही न अडखळता खाडखाड वाचून काढला. चौथीतल्या सृष्टीनं तोंडावर हात नेला, कारण तिला तो धडा अजून जमत नव्हता. पण वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, कळलं का, तर सम्झना गप्प. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि अर्थ एकाही ओळीचा लागत नव्हता.

आता हिला बसवायचं कुठे? वयाचा पत्ता नाही, भाषेचा पत्ता नाही. बाईंनी तात्पुरतं म्हणून तिला पहिलीच्या पोरांत बसवलं. शनिवारी केंद्रप्रमुख साहेब शाळा पाहायला येणार होते. तेच तपासून वर्ग ठरवतील, असं बाईंनी मनाशी ठरवलं. शाळा सुटताना त्यांनी सम्झनाला हातवारे करून सांगितलं की उद्या सकाळची शाळा आहे, साहेब येणार आहेत, लवकर ये. सम्झना प्रत्येक वाक्याला मान हलवून "हजुर", म्हणजे हो जी, म्हणाली. बाईंना वाटलं, समजलं. पोरीला एवढंच समजलं होतं की पुढच्या शाळेच्या दिवशी कोणी मोठे साहेब येऊन आपला वर्ग ठरवणार.

शनिवार उजाडला. सकाळी साडेसातला शाळा भरली, साहेब आले, कवायत झाली, पाढे झाले. सम्झनाचा पत्ता नाही. बाई तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. शेवटी साहेब म्हणाले की पोटासाठी फिरणारी माणसं आहेत, टिकतील की नाही सांगता येत नाही, आणि ते पुढच्या शाळेला निघून गेले. बाईंचा चेहरा उतरला होता.

तिकडे त्या कुटुंबात काय चाललं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी माझ्याच सावलीत उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडून कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो. शुक्रवारी पोरीनं घरी सांगितलं की मला अगदी लहान मुलांत बसवलं. लोकेंद्रच्या ओळखीच्या एकाचा मुलगा असाच दुसऱ्या शहरात दहाव्या वर्षी पहिलीत बसवला गेला होता. उंच पोरगा लाजून लाजून वर्षभरात शाळा सोडून हॉटेलात लागला. आपल्या मुलीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे लोकेंद्रनं ठरवलं. तिकडे गावी ती तिसरी पास होऊन चौथीत बसायला लागली होती. त्याचा काका सोमवारी मिरजेहून गाडीनं नेपाळला परत निघाला होता. तिकडे आजीकडे राहील, पण निदान चौथीत तरी बसेल. साहेबांनी सोमवारच्या आत वर्ग दिला तर ठीक, नाहीतर सम्झना काकाबरोबर परत. तीन वर्षं बापाशिवाय काढून पोरगी याच महिन्यात त्याच्याजवळ आली होती, आणि पुन्हा जायची वेळ आली.

रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे रिकामा लोंबकळत होतो. साडेनऊच्या सुमारास कोल्ड स्टोरेजच्या रस्त्यानं सम्झना येताना दिसली. एकटीच. आकाशी सदरा, ताज्या बांधलेल्या रिबिनी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तिसरीची गुणपत्रिका. फाटक नुसतं लोटलेलं होतं. ती आत आली. वर्गांना कुलपं. मैदान मोकळं. ती पायरीवर बसली. उठली. खिडकीतून आत डोकावली. पुन्हा बसली.

मला काही उमजेना. रविवारी शाळेत येणारं मूल मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या पोरांना रविवारी शाळेसमोरून जायला सांगितलं तरी ती लांबच्या वाटेनं जातात. मग तिनं मान वर करून मला पाहिलं आणि तिचा चेहराच उजळला.

मित्रांनो, तिच्या डोंगरातल्या शाळेतही माझ्यासारखंच एक लोखंड टांगलेलं होतं. तिथे मुलं चार डोंगरांवर विखुरलेली. घंटा झाली की ती घराबाहेर पडतात. घंटा झाली नाही तर कोणी येत नाही. तिला वाटलं, इथेही तसंच असणार. मुलं आली नाहीत कारण घंटा झालेली नाही. घंटा करायला कोणी आलेलं नाही. आणि आज तर साहेब येणार.

तिनं इकडे तिकडे दांडा शोधला नाही. सरळ बुंध्याला पाय लावून दोन हात वर चढली आणि बेचक्यात हात घातला. दोन वर्षं आमच्या पोरांना जे आठवलं नाही, ते तिला पहिल्या फटक्यात सापडलं. त्यांच्याकडेही दांडा तिथेच ठेवतात म्हणे.

आणि मग तिनं मला वाजवलं.

काय सांगू तुम्हाला. दोन वर्षांचा गंज पहिल्या टोल्यातच झडला. सतारवाल्यांनी पास केलेला माझा सूर जसाच्या तसा होता. तिनं आठ टोले दिले, मग थांबून पुन्हा आठ, आणि मी असा वाजलो की पलीकडच्या माळावरची मेंढरं माना वर करून उभी राहिली. आनंदानं मला काही सुचत नव्हतं. अवेळी वाजतोय, याचा अर्थ गाव धावत येणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गाव आलं. सगळ्यांत पुढे दगडाबाई, हातात बादली, पदर खोचलेला. त्यांच्यामागे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार तानाजी, अर्धी दाढी केलेले, अर्ध्या दाढीवर साबण. मग बायका, पोरं, कुत्री, आणि शक्य तेवढ्या बादल्या. निम्म्यांना वाटत होतं आग, निम्म्यांना वाटत होतं तळ्याला पाणी आलं. सृष्टी धापा टाकत पोचली ती थेट झाडाखाली.

"कुटं पेटलंय गं?" दगडाबाईंनी विचारलं.

सम्झनाच्या हातातला दांडा खाली पडला. एवढी माणसं, एवढ्या बादल्या, आणि मुलांच्या पाठीवर दप्तर एकाच्याही नाही. तिला रडू फुटलं. हुंदके देत ती नेपाळीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आज स्कुल छैन र?"

ते वाक्य समजणारा वाडीत एकच माणूस होता. तानाजी हवालदारांनी नोकरीची आठ वर्षं गुरखा पलटणीच्या शेजारी काढली होती आणि एका दोस्ताच्या लग्नाला ते पार पोखऱ्यापर्यंत जाऊन आले होते. ते गुडघ्यावर बसले, तिच्याशी तिच्या भाषेत दोनचार वाक्यं बोलले, आणि मग तोंडावरचा साबण तसाच ठेवून गावकऱ्यांकडे वळले.

"आग न्हाई न् पानी बी न्हाई," ते म्हणाले. "पोरगी इचारतीया, आज शाळा न्हाई का. आवं, हिच्या मुलखात शनवारी सुट्टी असती. आयतवारी शाळा भरती."

मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. बादल्या खाली ठेवल्या गेल्या. सृष्टीनं पुढे होऊन सम्झनाचा हात धरला. कोणीतरी फोन केला होताच, त्यामुळे दीपमाला बाई कवठे महांकाळच्या आपल्या घरून स्कूटीवर येऊन पोचल्या. हाताला कणीक तशीच होती. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. शनिवारी पोरगी आली नाही म्हणून आपण मनात काय काय म्हटलं, ते त्यांना आठवत असणार.

एवढ्यात लोकेंद्र आणि माया धावत आले. झोपेतून उठलेला लोकेंद्र, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मुलीनं काहीतरी मोठा गुन्हा केला अशा समजुतीनं त्यानं सगळ्यांना हात जोडले. हिंदीत तो म्हणाला की माफ करा, आता त्रास होणार नाही, ती उद्याच काकाबरोबर नेपाळला चालली आहे. मग त्यानं पहिलीत बसवल्याचं आणि त्या दुसऱ्या मुलाचं सगळं सांगितलं. बोलताना तो कोणाकडे पाहत नव्हता.

बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. सुट्टीचा वार वेगळा, तसं यांचं सालही वेगळं, विक्रम संवताचं असणार, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. मग त्यांनी सम्झनाला जवळ बोलावलं, खडू दिला आणि तानाजींकरवी विचारलं की तुमच्याकडे आत्ता साल कोणतं चालू आहे. सम्झनानं व्हरांड्याच्या फरशीवर लिहिलं, २०८२. बाई काही म्हणायच्या आत तिनं त्याखाली लिहिलं २०७३, मध्ये वजाबाकीची खूण केली आणि रेघ ओढली. तिला वाटलं हीच परीक्षा. सगळी वाडी वाकून पाहत होती. रेघेखाली तिनं लिहिलं, ९.

"नऊ," सृष्टी म्हणाली. "बाई, ही आमच्याएवढीच हाय."

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. त्या लोकेंद्रकडे वळल्या आणि हिंदीत सावकाश बोलू लागल्या. आमच्याकडे वय पाहून वर्ग देतात, भाषा पाहून नाही. भाषा आम्ही शिकवू, ते आमचं काम. नऊ वर्षं म्हणजे चौथी. जुन्या शाळेचा दाखला तिकडून येईल तेव्हा येईल, त्यासाठी मूल थांबत नाही. साहेबांना मी सांगेन. आणि शनिवारी सकाळी शाळा असते, रविवारी नसते, हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

लोकेंद्र ऐकत होता, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. तिकीट काढून झालं होतं. तेव्हा दगडाबाई पुढे आल्या.

"ह्ये बघ बाबा," त्या म्हणाल्या, "माजा नातू कोइमतूरला हाय. त्येच्या पोरीला बी तितल्या शाळंत पयले दोन म्हैने काय बी कळत नव्हतं. कोपऱ्यात बसून एकलीच डबा खायाची. आता सुट्टीला येती तवा झोपंत तमिळ बोलती. आमची तकडं रमली, तुमची हितं न रमायला काय झालं? आईबापाजवळ ऱ्हाऊ दे तिला."

तानाजींनी त्याचं नेपाळी केलं. माया ते ऐकून पदरात तोंड घालून रडली.

बाईंनी ऑफिस उघडलं आणि मोठं रजिस्टर बाहेर आणलं. रविवारी नोंद करता येत नाही, म्हणून त्यांनी पेन्सिलीनं लिहायचं ठरवलं. त्यांनी लोकेंद्रला त्याचं नाव विचारलं. बहादूर नको, खरं नाव सांगा, म्हणाल्या. मग आपल्या शाळेच्या रीतीप्रमाणे त्यांनी लिहिलं आणि हजेरी घेतात तसं मोठ्यानं वाचलं. "सम्झना लोकेंद्र घर्ती. इयत्ता चौथी."

नेपाळात मुलीच्या नावात मधे बापाचं नाव घालायची रीत नाही. सम्झनाला मोठी गंमत वाटली. ती हसून बापाकडे पाहू लागली. लोकेंद्रला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षांत इथे त्याचं खरं नाव पहिल्यांदाच कोणी घेतलं होतं, आणि तेही त्याच्या मुलीच्या नावाच्या मधोमध. त्यानं बाईंना विनंती केली की पुन्हा एकदा वाचा. बाईंनी पुन्हा वाचलं. त्यानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाला, "काकाशी बोलतो."

बाई जाताना सांगून गेल्या की उद्या विजेच्या घंटेचं बटण कोणी दाबायचं नाही. उद्याची घंटा चौथीची नवी मुलगी करेल.

ती रात्र मी कशी काढली, ते विचारू नका. सोमवारी पोरं वेळेच्या आधी जमली. साडेनऊ वाजले. बाई घड्याळाकडे पाहत उभ्या. आगाऊ घंटेचं तोंड बंद. नऊ बत्तीस, नऊ पस्तीस. या शाळेला आजवर कधी उशीर झाला नव्हता. सृष्टी फाटकावर चढून रस्त्याकडे पाहत होती, आणि अचानक तिनं मान खाली घातली. कोल्ड स्टोरेजच्या रस्त्यानं माणसं येत होती. पुढे लोकेंद्र, डोक्यावर मोठी बॅग. शेजारी काका. मागे माया आणि सम्झना. प्रवासाला निघालेली माणसं मी जन्मभर पाहिली होती. मला वाटलं, संपलं.

ती सगळी फाटकापर्यंत आली. एसटीचा थांबा पुढेच आहे. काकानं सम्झनाच्या डोक्यावर हात ठेवला, लोकेंद्रच्या डोक्यावरची बॅग उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तो एकटाच थांब्याकडे चालू लागला. सम्झनानं आईचा हात सोडला आणि ती धावत सुटली. बुंधा, बेचकं, दांडा. त्या सोमवारी मी पाच मिनिटं उशिरा वाजलो, आणि एवढा चांगला कधीच वाजलो नव्हतो.

मित्रांनो, रुळाचा जन्म माणसांना दूर नेण्यासाठी असतो. माझ्या नशिबी माणसांना बोलावणं आलं आणि एकदा तर एका मुलीला ठेवून घेणं आलं. मला पॉलिश करा, माझा गंज काढा, असं मी मागत नाही. मागणं एकच. तुमच्या वर्गात कोणी परमुलखातून नवं आलं, तर त्याला पाढे आणि कविता मागाहून शिकवा. आधी त्याच्याशेजारी बसा आणि त्याला सांगा की आपल्याकडे सुट्टी कोणत्या दिवशी असते, डबा कुठे बसून खातात, आणि घंटेचा दांडा कुठे ठेवतात. ज्याला हे माहीत असतं, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. सगळी चूक तिथेच होते.

सम्झना आता दर शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचते. रविवारीही ती कधीकधी सृष्टीबरोबर खेळायला येते. तेव्हा मात्र ती दांड्याला हात लावत नाही. माझ्याखाली उभी राहून, टाचा उंचावून, बोटानं एक टिचकी मारते. वाडीला ती ऐकू जात नाही. मला जाते.